धोंड्याचं वाण पॅरिसमार्गे

यंदा पुन्हा अधिक महिना आला. तोही ऐन मे महिन्यात, प्रवरेचं पात्र उघडं पडलेलं असताना. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण ज्यानं केली तो आमच्या नेवासा तालुक्यातलाच असणार, याबद्दल मला शंका नाही. काल स्टँडवर उतरले तर जिकडे बघावं तिकडे जावई. नवा कोरा टॉवेल गळ्यात, डोक्यावर टोपी, मागे बायको, तिच्या कडेवर पोर, आणि चेहऱ्यावर आपण मोठे देव लागून गेल्याचा भाव. किराणा दुकानाच्या दाराशीच बत्ताशांच्या पिशव्या टांगलेल्या. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "बाई, तुमचे जावई तर लई लांब. यंदा वाण कुरिअरनं धाडता का काय?" मी म्हटलं, "धाडीन नाहीतर काय करीन. एकदा हातानं पोचवून आलेय. तेवढं मला जन्माला पुरे आहे."

आणि घरी येईस्तोवर डोक्यात तीच आगगाडी. ती न उघडणारी खिडकी, तो मांडीवरचा स्टीलचा डबा, आणि शेजारी ढिम्म बसलेले तात्या.

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तीन वर्षांतून एकदा पंचांगात एक महिना जास्तीचा येतो, त्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. त्यात लेकीला आणि जावयाला जेवायला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे करायचे, ताटात तेहतीस अनारसे मांडून वर दिवा ठेवायचा आणि ते वाण जावयाला द्यायचं. एरवी जावई सासऱ्याच्या पाया पडतो. या दिवशी जावई म्हणजे नारायण, म्हणून सासरा त्याच्यापुढे वाकतो. लग्नानंतर येणारा पहिला अधिक तर चुकवायचाच नाही. चुकला की पुढची तीन वर्षं नातेवाईक आठवण करून देतात, आणि आपण विसरलो असं त्यांना वाटू देत नाहीत.

तात्या म्हणजे माझे यजमान. मुलं तात्या म्हणतात म्हणून मीही तेच म्हणते. मी नगर शहरातली, माळीवाड्यातली. लग्न करून प्रवरेकाठी आले आणि तालुक्याच्या शाळेत भूगोल शिकवत राहिले. तात्या ऊस, कांदा आणि हट्ट या तीन पिकांत वाकबगार. बोलतात कमी, पण न बोलून माणसाला जेरीस आणतात.

आमच्या शीतलनं स्पेनमधल्या जिरोना नावाच्या गावी, जिथं ती नोकरी करते तिथल्याच मिकेल नावाच्या मुलाशी लग्न केलं. आधी विचारलं होतं तिनं. तात्या फोनवर एवढंच म्हणाले, "मला जावई न्हाई," आणि फोन माझ्या हातात देऊन कांद्याला पाणी द्यायला गेले. लग्नाला गेले नाहीत, मलाही जाऊ दिलं नाही. त्यानंतर दोन वर्षं लेकीचा फोन आला की हे गोठ्यात. मी "घ्या ना, बोला" म्हणून फोन पुढे करायची, आणि ह्यांना नेमकी त्याच वेळी म्हशीची काळजी वाटायची. म्हैससुद्धा कंटाळली असेल.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या अधिक श्रावणात आम्ही दोघं जर्मनीत, श्टुटगार्टला, मुलाकडे होतो. संदीपनं उन्हाळ्यासाठी बोलावून घेतलं होतं. तिथं एके दिवशी शीतलचा फोन आला. या असल्या रीतींना हसणारी मुलगी, पण त्या दिवशी हसली नाही. म्हणाली, "आई, मिकेलला मी धोंड्याचं सांगितलंय. तो विचारत होता, मला बोलावणार आहेत का." मी फोन ठेवला आणि संदीपच्या स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत बसले. मला फार वाईट वाटलं होतं. कोणाचं कोण ते पोरगं, आणि आमच्या बोलावण्याची वाट बघत होतं.

अनारशाचं पीठ मी घरून नेलंच होतं. तीन दिवस भिजवलेले तांदूळ, सावलीत वाळवून दळलेले, गुळात मळलेले. माझं पीठ फसत नाही, हे मी लाजत सांगणार नाही. संदीप म्हणाला होता की वाटेत विमान बदलताना खसखस पकडतात, तेव्हा ती आणू नकोस. आणली नाही. आणि श्टुटगार्टच्या बेकरीत बघते तर प्रत्येक पावावर खसखस शिंपडलेली. घ्या. मग तिथलीच विकत घेतली. तुपात पहिला अनारसा सोडला तोच छतावरचं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. शेजारचे आजोबा सपाता घालून दाराशी आले. संदीप टॉवेलनं वारा घालतोय, सून खिडक्या उघडतेय, आणि त्या गोंधळात माझा अनारसा तुपात हसला. हसला म्हणजे विरघळून पसरला, बायकांना कळेल. बाकीचे मी दात-ओठ खात तळले. पण जाळी अशी पडली की बघत राहावं.

आता जायचं कधी? तात्यांना विचारलं की उत्तर एकच. "बघू." महिना अर्धा गेला, बघू. पौर्णिमा गेली, बघू. मी रागानं जेवण वाढायची, ते शांतपणे जेवायचे. शेवटी अमावास्येच्या आदल्या दिवशी, म्हणजे अधिक संपायला एकच दिवस उरला असताना, चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "चल. पन विमानात बसायचं न्हाई. विमानातनं खाली काय पीक हाय ते दिसत न्हाई."

माणसानं हसावं का कपाळ बडवून घ्यावं, सांगा.

संदीपनं रात्रीतून तिकिटं काढली. सकाळी बसलात की पॅरिस, तिथं गाडी बदलली की थेट जिरोना, संध्याकाळी चहाला शीतलकडे. मोबाईलवर त्यानं ते दाखवलं तेव्हा सगळं इतकं सरळ दिसत होतं. मी आयुष्यभर फळ्यावर युरोपचा नकाशा काढला. माझ्या नकाशात तो वीतभर होता. तो इतका लांबलचक असेल असं मला तोवर वाटलं नव्हतं.

पहिलीच गाडी उशिरा. आली ती दुसऱ्याच फलाटावर. कर्ण्यावरून तीन भाषांत सांगितलं आणि मला तिन्हींत कळलं नाही. मी अनारशांचा डबा छातीशी धरून जिने चढतेय, तात्या मागून बॅग ओढत येणाऱ्याजाणाऱ्याला राम राम घालताहेत. लोक दचकायचे. आत जागा मिळाली, थंडगार, स्वच्छ, आणि इतकी गप्प की खोकायची चोरी. खिडकी उघडायला गेले तर तिला उघडायची सोयच नाही. ज्या गाडीची खिडकी उघडत नाही ती कसली गाडी, ते चाकं लावलेलं कपाट. चहावाला येत नाही. कोणी कोणाला कुठं निघालात विचारत नाही. तात्यांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी उघडली, आणि आमच्याकडच्या वळणाप्रमाणे आधी समोरच्याला पुढे केली. तो बिचारा हसून नको म्हणाला. मग पलीकडच्या बाईला. तीही नको म्हणाली. तात्यांनी डबा मिटला. "समोरचं मानूस उपाशी ठेवून कसं खायचं?" म्हणाले. मी म्हटलं, "तो उपाशी नाही, त्याला नको आहे." तर म्हणे, "तसं कुनी खरं सांगतं व्हय?" अशा रीतीनं पॅरिस येईपर्यंत आम्ही दोघं उपाशी.

पॅरिसमध्ये गाडी बदलायची म्हणजे फलाट बदलायचा, असं मी धरून चालले होते. तसं नाही. ते लोक एका स्टेशनात उतरवतात आणि दुसरी गाडी गावाच्या दुसऱ्याच टोकाच्या स्टेशनातून सोडतात. तारकपूर स्टँडवर उतरवून सांगावं की पुढची बस माळीवाड्यातून आहे, तसं. पण नगरला निदान रिक्षावाल्याशी भांडता येतं. इथं टॅक्सीवाला काहीतरी गोड आवाजात बोलत होता आणि मी मनातल्या मनात मराठीत शिव्या घालत होते. आयफेल टॉवर कुठं दिसला नाही. तात्यांना तो दिसलाय. अजूनही गावात चहाच्या टपरीवर बसून सांगतात, डाव्या अंगाला हुता म्हणून. मी शेजारून जात असले तर मुद्दाम मोठ्यानं सांगतात.

दक्षिणेकडची गाडी मिळाली. ती मात्र अशी पळत होती की पाण्याच्या बाटलीतलं पाणी हलत नव्हतं. तात्या खिडकीला चिकटले. सूर्यफुलं गेली, कापलेल्या गव्हाची रानं गेली, पांढऱ्या गायी गेल्या. "एवढं रान, अन् मानूस एक दिसंना," म्हणाले. मग बऱ्याच वेळानं द्राक्षबागा लागल्या, गुडघ्याएवढ्या. "मांडव का घालत न्हाईत ही मान्सं?" मला काय माहीत. पुढे पुढे जमीन कोरडी, खडकाळ होत गेली, बोडक्या टेकड्या, पिवळं गवत. मग म्हणाले, "आपल्या कर्जतकडं असंच दिसतं. हितल्या पोराला पान्याची किंमत असंल." कोणत्या पोराला ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर पुन्हा गोठ्यात गेल्यासारखा चेहरा केला असता.

आणि मग गाडी थांबली. स्टेशन नाही, काही नाही, दोन्ही बाजूंना रान. पुढे रुळांजवळच्या टेकडीला वणवा लागला होता म्हणे. हे आम्हाला पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं इंग्रजीत समजावलं. थोड्या वेळानं थंड हवा बंद पडली. दारं उघडेनात, खिडक्या तर उघडतच नव्हत्या. गाडीतल्या हॉटेलातलं पाणी संपलं, मग पाव संपले. तास उलटत होते आणि उन्हं आमच्या बाजूला आली होती. पलीकडे एक बाई आणि तिचं लहान पोर. ते पोर आधी कुरकुरत होतं, मग रडायला लागलं, मग रडून रडून नुसते हुंदके द्यायला लागलं. मी शीतलला फोन लावला. ती म्हणाली, "आई, मिकेल गाडी काढतोय. तुमची आगगाडी सरहद्दीअलीकडच्या पर्पिन्याँच्या पुढे येणार नाही म्हणतात. आम्ही तिथं येतो." मी म्हटलं, "अगं, पण अमावास्या." माझा आवाज रडवेला झाला होता. नगरला तर दिवस केव्हाच बुडाला होता. यावर तात्या खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "आपन जिथं हाये तिथला दिवस धरायचा. हितं अजून ऊन हाय."

डबा त्यांच्या शेजारी ठेवून मी बाथरूमच्या रांगेत जाऊन उभी राहिले. रांग काय हलेना. परत आले तर गाडीच्या डब्यातला सगळा आवाजच बदललेला. इतका वेळ तोंडात मूग धरून बसलेली माणसं बोलत होती, हसत होती. आणि प्रत्येकाच्या हातात अनारसा. ते पोर तूप लागलेली बोटं चाटत होतं. गाणी ऐकायचं यंत्र कानाला लावून बसलेला एक मुलगा, ती इंग्रजी बोलणारी मुलगी, एक टक्कल पडलेले गृहस्थ, सगळे. आणि मध्ये तात्या उभे राहून खसखशीची बाजू वर धरायची असते ते हातानं दाखवताहेत. मराठीत.

मी डबा हातात घेतला. तळाशी सात-आठ उरले होते.

मला इतका संताप आला की तोंडाला लगामच राहिला नाही. "हे वाण होतं. जावयाचं वाण. त्यातलं एकसुद्धा उष्टावलेलं चालत नाही, आणि तुम्ही लग्नातल्या पंगतीसारखं वाढत सुटलात." तात्या म्हणाले, "उपाशी पोर म्होरं रडतंय अन् मी डबा मांडीवर घिऊन बसू व्हय?" मी म्हटलं, "पोराला एक दिला असता. सगळ्या डब्याला कशाला?" "एकाला दिऊन बाकीच्यांच्या तोंडाकडं बघायचं का?" मला भांडायचंच होतं. दोन वर्षांचं साठलेलं होतं. मी म्हटलं, "तुम्हाला पोचायचंच नव्हतं. म्हणून महिनाभर बघू-बघू केलंत, म्हणून विमान नको म्हणालात. गाडी अडकली ते तुमच्या पथ्यावरच पडलं. लेकीच्या दारात जायला नको, त्या मुलापुढे वाकायला नको. वाण तेवढं उरलं होतं, तेही संपवलंत."

सगळा डबा आमच्याकडे बघायला लागला. भाषा कळत नसली तरी नवरा-बायकोचं भांडण कोणालाही कळतं. तात्यांनी टोपी काढली, टोपीनंच घाम पुसला, पुन्हा घातली आणि खिडकीकडे तोंड केलं. मला त्यांचा आणखी राग आला. हो म्हणा, नाही म्हणा, काहीतरी म्हणा. भिंतीशी भांडलं तर निदान आवाज परत येतो.

आता हे लिहितेय तर आतून तात्या विचारताहेत, "पीठ झालं का?" यंदाचे तांदूळ मी कालच भिजत घातलेत, तीन दिवस लागतात हे त्यांना उभ्या संसारात कळलेलं नाही. सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. शीतल आणि मिकेल दिवाळीत येणार आहेत, अधिकात नाही, तरी ह्यांचं आपलं पीठ झालं का. मी उठणार नाही.

तर गाडी हलली. रांगत रांगत पर्पिन्याँला आली आणि तिथं सगळ्यांना उतरवलं. उतरताना त्या पोराच्या आईनं तात्यांचा हात दोन्ही हातांत धरला. तात्यांनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग फलाटावर उभे राहिले, बॅगेला धरून, कुठं जावं ते न कळल्यासारखे. ऊन तिरपं झालं होतं पण होतं. हवेत वणव्याचा वास होता. गर्दीतून शीतल धावत आली आणि मला मिठी मारली. तात्यांच्या समोर मात्र ती हातभर अंतरावर थांबली. दोन वर्षांत या दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकला नव्हता.

तिच्या मागे मिकेल. फोटोत पाहिला होता त्यापेक्षा उंच, उन्हानं रापलेला, गाडी हाणत आल्यामुळे शर्ट पाठीला चिकटलेला. शीतलनं त्याला पढवून ठेवलं होतं. तो पुढे झाला आणि तात्यांच्या पाया पडायला वाकला. तात्यांनी त्याचे दोन्ही दंड धरले आणि त्याला वर उचललं. मला वाटलं, झालं, आता हे त्याला बाजूला सारणार आणि चालायला लागणार.

"आज तुमी न्हाई," तात्या म्हणाले. "आज आमी."

त्यांनी आमची बॅग फलाटावर आडवी टाकली, वरची धूळ टॉवेलनं झटकली आणि मिकेलला बसायची खूण केली. तो शीतलकडे बघत बसला. गुडघे छातीपर्यंत आलेले. मी पिशवीतून पितळी ताट काढलं, त्यात ते उरलेले अनारसे मांडले, टोपी-टॉवेल ठेवला. मिकेलच्या कपाळाला कुंकू लावलं. दिव्याला काडी लावली तर स्टेशनातला एक माणूस बोट हलवत आला. मी मराठीत त्याला म्हटलं, "थांब रे बाबा, एवढंच." त्याला काय कळलं कोण जाणे, त्यानं दिवा विझवायला लावला, पण बाजूला उभा राहून बघत राहिला. ताट तात्यांनी मिकेलच्या हातात दिलं. मग कंबर धरत, एक हात जमिनीला टेकत ते खाली वाकले आणि त्याच्या बुटांना हात लावून तो हात कपाळाला लावला. मिकेल लालबुंद झाला होता. त्याला उठायचं होतं आणि शीतल त्याला खांद्यावर दाबून बसवत होती. तिचे डोळे घळाघळा वाहत होते.

मीही रडले. पण रडता रडता मला असा राग आला की मी तिथंच, त्या फलाटावर, सगळ्यांसमोर म्हणाले, "हेच करायचं होतं तर दोन वर्षं काय धाड भरली होती तुम्हाला?"

तात्यांनी उठायला माझ्याच खांद्याचा आधार घेतला. शीतलकडे न बघता म्हणाले, "पयल्यांदा राग हुता. त्यो काय, लवकरच गेला. मंग लाज वाटाय लागली. रोज म्हनायचो, आज घ्यावा फोन. पन बोलायचं कुठल्या तोंडानं? राग निघून जातो गं. लाज लई दिवस ऱ्हाते."

मग मिकेलनं मांडीवरचं ताट सांभाळत शीतलला हळूच काहीतरी विचारलं. तिनं पदर नव्हता म्हणून मनगटानं नाक पुसलं आणि त्याच्या भाषेत चार शब्द सांगितले.

मी म्हटलं, "काय विचारतोय?"

"तात्या काय म्हणाले, विचारतोय."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, यायला उशीर झाला, म्हणताहेत."

त्यावर मिकेलनं तात्यांकडे बघून मान हलवली आणि इंग्रजीत म्हणाला, वणव्याच्या दिवसांत गाड्यांना होतो उशीर, चालायचंच.